उथळ पाण्यातले नर

तलावाचं पाणी काठच्या गवतात शिरलं की मला घरात बसवत नाही. पंच्याऐंशी वर्षांचं शरीर, गुडघे कुरकुरतात. सून दारातून ओरडते, "बाबा, पाय घसरला तं कोन उचलन तुमाले?" अगं, उचलायला मी आहे केवढा! ऐन जवानीत चार फूट दहा इंच होतो, त्यातले दोन म्हातारपणानं खाल्ले. कोणीही काखोटीला मारून घरी आणेल. मी काठी घेतो आणि निघतो.

काठावर एक बुटका दगड आहे. त्यावर बसलं की पाणी पायाशी येतं. वीतभर खोल पाणी, खाली बुडालेलं गवत, गवतात मासे. आखाडीपासून पोळ्यापर्यंत हे असंच. खोल पाण्यातले मासे अंडी घालायला या उथळात येतात आणि महिना-दीड महिना इथं धावपळ, मारामारी, लपाछपी चालते. लोकांना वाटतं, म्हातारा देवाचं नाव घेत बसतो. मी नुसता पाहत बसतो.

यंदा गावात पुन्हा कागदांची धांदल आहे. आधी तेलंगण वेगळं झालं, मग आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. शेजारचा नामदेव बेल्लमपल्लीच्या खाणीत नोकरीला. त्याचा जिल्हा आता वेगळा, इथं राहणाऱ्या त्याच्या बापाचा वेगळा. परवा तो कसलासा कागद घेऊन आला. "मुनशीकाका, एवढं वाचून सांगता का?" मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. चष्मा नाकावरच होता. बिचारा कागदाची घडी घालून गेला. कोणाला कागद वाचून दाखवायचा म्हटलं की मी अजून अशीच पळवाट काढतो, आणि त्याचं कारण सांगायचं तर छप्पन सालच्या पावसाळ्यात जावं लागतं.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. आम्ही हिंदुस्थानात आलो होतो, झेंडे लावून झाले होते, पण तालुक्याच्या कचेरीत दरखास्ती, म्हणजे अर्ज, अजून उर्दूतच लिहिल्या जात. मी तिथं मुनशी. उर्दू लिहिणाऱ्यांत मराठी माणूस मी एकटा, म्हणून आमच्या लोकांची सगळी झुंबड माझ्याकडं. आणि अशात बातमी आली की हैदराबाद राज्य मोडणार, भाषेप्रमाणं वाटणी होणार. आमच्याकडं तर मराठी, तेलुगू, गोंडी सगळं एका आळीत. कोणी म्हणे राजुरा तिकडं मराठी मुलखात चाललं, किनवट तिकडं चाललं, आपण इकडंच. गुडीहत्नूरच्या बाजारात बाया भाजी तोलता तोलता विचारत, "मुनशी, आपून आता कोन्या राज्यात जाऊन राह्यलो?" मी म्हणायचो, "तुमी हाये तिथंच राहसान, राज्यच उठून चाललं." त्या हसत. मलाही माझ्या बोलण्याचं भारी कौतुक वाटे.

सरकारी नोकरांना मात्र लिहून द्यायचं होतं, कोण कुठल्या बाजूला राहू इच्छितो ते. राहतो म्हणणाऱ्याला ठेवतीलच याची हमी नव्हती. पण स्वतःहून जातो म्हणणाऱ्याला कोण अडवणार?

दौलत जंगल खात्यात चौकीदार होता. माझ्याच वयाचा, माझ्याच गल्लीतला, माझ्याच जातीचा. यापलीकडं आमच्यात सारखं काही नव्हतं. सहा फुटांचा गडी, सागाचा ओंडका एकट्यानं गाडीवर चढवायचा. आम्ही दोघं रस्त्यानं निघालो की पारावरचे म्हणत, "पाहा रे, उंट अन् शेळी चालली." दौलत त्यांच्यावर चिडायचा. बोलताना त्याचा हात आपसूक माझ्या डोक्यावर पडायचा आणि तो तिथंच ठेवून तो बोलत राहायचा. चांगला माणूस होता. वाईट असता तर हे सांगणं मला सोपं गेलं असतं.

तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, सखाराममामांचा भाजीचा मळा होता. त्यांची लेक कौसल्या. आम्हां दोघांनाही ती हवी होती. मी मासे पाहायला जातो हे सगळं खोटं, ती वांगी तोडताना दिसावी म्हणून जायचो. दौलत यायचा मरळ धरायच्या निमित्तानं. मी दगडावर, तो कमरेइतक्या पाण्यात, आणि दोघांची नजर मळ्यात. कौसल्या माझ्याकडं पाहून हसायची आणि दौलतकडं पाहून हसू दाबायची. या दोन्हींतला फरक कळायला काही उर्दू शिकावं लागत नाही. मला तो पहिल्याच दिवशी कळला होता आणि फार लागला होता.

बसून बसून मासे मात्र खरंच दिसायला लागले. निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा एक बोटभर मासा असतो, त्याचं नाव मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. त्याचा नर पाण्यावर आलेल्या पानाखाली तोंडानं फेस सोडून घर बांधतो आणि त्याखाली पहारा देतो. दुसरा नर आला की दोघं अंग ताणून बाजूबाजूला उभे राहतात. पुष्कळदा मारामारी होतच नाही. दोघं एकमेकांना नुसते मापतात, आणि जो अंगानं लहान तो रंग टाकतो. खरंच टाकतो. पट्टे फिके पडतात, पर मिटतात, मादीसारखा मळकट होऊन तो बाजूला सरकतो. मग मादी येते ती फेसाखालच्या मोठ्याकडं. मला ते पाहून संताप यायचा. बळी तो कान पिळी! माप झालं, निकाल लागला, लहानानं घरी जावं!

पण लहान घरी जात नव्हता. हे मला आठेक दिवसांनी दिसलं. तो फिका नर गवतातच रेंगाळत राही. मोठा कोणाला हाकलायला जरा पुढं गेला की हा सरकन फेसाखाली, मादीच्या अंगाला अंग लावून, आणि लगेच बाहेर. चंदेरी माशांत तर हे उघड चाले. पोट फुगलेली एक मादी पुढं, मागं पाच-सात नर. मोठे एकमेकांना ढुशा देण्यात गुंतलेले, आणि ती अंडी सोडते त्याच वेळी एखादा टीचभर नर खालून घुसून आपलं काम उरकून पसार. कोणाशी भांडण नाही, कोणाला जखम नाही. मोठ्यांना पत्ताच नाही. त्या दिवशी मी दगडावर बसून टाळी वाजवली होती. त्या टाळीची मला आज लाज वाटते.

पुष्कळ वर्षांनी मत्स्य खात्याचे एक साहेब तलावात मत्स्यबीज सोडायला आले होते, तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आजोबा, असं खूप माशांत असतं. मोठ्या अंगाचे नर जागा धरतात आणि लढतात, लहान नर चोरून डाव साधतात. त्यात चूक-बरोबर काही नसतं. लहानानं तरी काय करावं?" मी म्हटलं, "साहेब, माशाले बोलता येत नाही न, म्हून त्याचं निभते." त्यांना तो विनोद वाटला. पाठीवर थाप मारून ते जीपमध्ये बसले.

श्रावणात सखाराममामांनी मला मळ्यात बोलावून घेतलं. माझी आई त्यांच्याकडं शब्द टाकून आली होती, त्याचं उत्तर द्यायला. माणूस सरळ होता, आडपडदा नाही.

"मुनशी, तुले खोटं सांगत नाही. पोरीच्या मायच्या मनात दौलत हाये. माह्याही मनात तोच हाये. पन या राज्याचं काय होऊन राह्यलं, समजत नाही. एकच लेक माही, मी तिले सरहद्दीच्या पल्याड देनार नाही. पैनगंगा भरली का महिना महिना तोंड दिसनार नाही. दौलत हितं राह्यला तं त्याले देईन. तो गेला तं मंग पाहू."

'मंग पाहू' म्हणजे मी. मी मामांच्या वांग्यांची तारीफ केली आणि उठलो. पाळ चढताना मी शीळ घालत होतो.

चारच दिवसांनी दौलत कचेरीत आला. घोंगडी ओली, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. त्याला बालबोध वाचता यायचं, बोट ठेवून ठेवून. उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं.

"मुनशी, तू लिव ना बाप्पा. मले हितंच राहाचं हाये म्हन. माय म्हातारी हाये. अन्..." एवढा मोठा गडी, खाली पाहून अंगठ्यानं फरशी उकरायला लागला. "अन् तुले तं मालूमच हाये."

कचेरीची एक रीत होती. दरखास्त लिहून झाली की ती अर्जदाराला त्याच्या बोलीत वाचून दाखवायची. तो 'कबूल' म्हणाला की मुनशीनं खाली लिहायचं, वाचून दाखवली, कबूल आहे. मग सही नाही तर अंगठा. ज्याला ते अक्षर येत नाही त्याच्यासाठी केलेली ही रीत. गोरगरिबाची सगळी भिस्त मुनशीच्या त्या वाचून दाखवण्यावर.

मी लिहिलं की फिदवीला, म्हणजे हुजुरांच्या या सेवकाला, राजुऱ्याकडं मराठी मुलखात जाण्याची मनापासून इच्छा आहे. आणि वाचून दाखवलं ते असं: "हुजूर, मी याच मातीत जन्मलो. या तलावाचं पाणी प्यालो. माझी माय म्हातारी आहे, तिची हाडं याच गावात पडावीत अशी तिची इच्छा आहे. मला इथून हलवू नये." कागदावर नसलेली वाक्यं मी कागदावर बोट फिरवत वाचली. आवाज कापला नाही. आयुष्यात इतकं चांगलं मी कधी वाचलं नव्हतं. दौलतच्या डोळ्यांत पाणी आलं. "कबूल," तो म्हणाला, "शंभर डाव कबूल." माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मग वाकून सही केली.

त्याच आठवड्यात त्यानं मोठी मरळ धरली. या माशाची एक गंमत आहे, गंमत कसली, कर्म आहे त्याचं. पिल्लं झाली की ती तांबड्या गोळ्यानं पाण्याच्या वरच्या अंगाला फिरतात आणि खाली नर राखण करत राहतो. जवळ येईल त्याच्यावर तो तुटून पडतो. पिल्लांवरून बेडूक ओढला की त्याला खायचा नसला तरी तो चावतो. दुसरा मासा माणूस पाहून पळतो. हा जागा सोडत नाही म्हणून सापडतो. दौलतनं तो हातभर मासा दोन्ही हातांनी वर धरला आणि मळ्याकडं पाहून ओरडला, "कौसे, बाबाले सांग, आज कालवन हाये!" ती हसली, आणि या वेळी तिनं हसू दाबलं नाही.

इकडं पिल्लांचा गोळा तसाच फिरत होता, वर येऊन श्वास घेऊन पुन्हा खाली. मग गवतातून लहान लहान मासे निघाले. घाई नाही, गडबड नाही. तासाभरात गोळा विरळ झाला, आणि मी उठलो तेव्हा तिथं काहीच नव्हतं. दौलतची दरखास्त अजून माझ्या टेबलाच्या खणात होती. टपाल सोमवारी जायचं. मला ती फाडता आली असती. घरी जाताना मी हा विचार केलाही. सोमवारी ती टपालात गेली.

दिवाळीच्या सुमारास राज्यं बदलली. राजुरा गेलं, किनवट गेलं, आम्ही तेलुगू राज्यात राहिलो. दौलतचा हुकूम आला तसा तो पळतच माझ्याकडं आला.

"काऊन असं झालं रे, मुनशी? तू तं एवढं झ्याक लिवलं होतं!"

"वरच्यांच्या मनात काय येईल, आपल्याले काय समजते?"

"दुसरी दरखास्त लिव ना मंग."

"आता काही होत नाही, दौलत."

होत होतं. मुदत बाकी होती, आणि ते मलाच ठाऊक होतं. त्यानं मायला बैलगाडीत बसवलं, तिचं जातं, दोन गाठोडी, एक कंदील. म्हातारी गावाकडं तोंड करून बसली होती आणि मोठ्यानं रडत होती. कौसल्या मळ्याच्या काटेरी कुपाशी उभी होती. हातात विळा होता, तो तसाच धरून ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत हलली नाही. मीही उभा होतो, तिच्यामागं चार हातांवर. तिनं वळून पाहिलं नाही, आणि मला तेव्हा त्याचंही काही वाटलं नाही.

फाल्गुनात आमचं लग्न लागलं. ती माझ्याहून उंच, म्हणून माझ्या पायाखाली पाटावर पाट ठेवला होता, आणि तरी अंतरपाट धरणाऱ्याला माझ्या बाजूचा हात खाली घ्यावा लागला. कोणीतरी मागून म्हणालं, "शेवटी शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ!" सगळा मांडव हसला. त्याला काही ठाऊक नव्हतं, तो आपला थट्टा करत होता. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

संसार तिनं नेटका केला. फार उशिरा, लग्नाला बारा वर्षं झाल्यावर, दोन मुलगे झाले, दोन्ही माझ्याच मापाचे. ती मला कधी उणा शब्द बोलली नाही, माझ्या उंचीवरून तर नाहीच. मी आजारी पडलो तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसली. हळूहळू तिला माझी माया लागली, हे मी शपथेवर सांगतो. आणि जसजशी माया लागत गेली तसतसं मला ते सोसवेना. दर पावसाळ्यात मी ठरवायचो, पाणी उतरलं की हिला सांगून टाकू. पाणी उतरायचं, कापूस वेचायला यायचा, ज्वारी निसवायची, आणि मी म्हणायचो, आता चांगलं चाललंय तर कशाला. असं वीस वर्षं म्हणालो.

विसाव्या वर्षी दौलत आला. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला, एसटीनं, दोन गाड्या बदलून. मी ओळखलंच नाही. लाकूड अंगावर पडून कंबर गेली होती. काठी टेकून वाकला की माझ्या बरोबरीचा दिसायचा. माय तिकडं गेल्यावर दुसऱ्याच वर्षी वारली म्हणाला. कौसल्यानं चहा आणला आणि दाराच्या चौकटीशी उभी राहिली.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमचा नवरा म्हंजे देवमानूस. लोकं मले आजही इचारतात, तू गाव काऊन सोडलं? मी सांगतो, मी नाही सोडलं. माह्या मुनशीनं लिवलं होतं, पन सरकारच्या मनात नव्हतं."

"काय लिवलं होतं यायनं?" तिनं सहज विचारलं.

दौलतनं काठी बाजूला ठेवली, डोळे मिटले आणि सगळं म्हणून दाखवलं. "हुजूर, मी याच मातीत जन्मलो. या तलावाचं पाणी प्यालो..." एक शब्द चुकला नाही. वीस वर्षं त्यानं ते आरतीसारखं पाठ ठेवलं होतं. मी जमिनीकडं पाहत होतो.

कौसल्या चौकटीपासून पुढं आली. मग म्हणाली, "शाळेतला किसन राह्यला. दवाखान्यातला हनमंतू राह्यला. राहतो म्हनलं ते आपल्या गावातले सारे राह्यले. तुमीच एकटे काऊन गेले?"

"दैव, वहिनी. दैव देते अन् कर्म नेते."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मी खाली-वर, आडवा-उभा कुठंही पाहू शकलो असतो, पण मी तिच्याकडं पाहिलं, आणि माझ्या तोंडावर जे होतं ते तिनं वाचलं. तिला अक्षर येत नव्हतं. चहाच्या कपबशा गोळा करून ती आत गेली. दौलतला तिनं जेवायला वाढलं, आग्रह करकरून वाढलं, आणि निघताना त्याच्या पाया पडली. मला काही विचारलं नाही. त्या दिवशीही नाही, पुढंही कधी नाही.

तिचा भाऊ आदिलाबादला जिनिंगमध्ये कामाला होता, त्याची पत्रं यायची. ती चुलीपुढं बसायची आणि मी वाचून दाखवायचो, "अजून एक डाव वाचा" म्हणायची. दौलत गेल्यावर आठ दिवसांनी असंच पत्र आलं. मी चष्मा लावून बसलो. तिनं टपालवाल्याच्या हातून पत्र घेतलं, पदरात धरलं आणि माझ्यासमोरून शेजारी गेली. तिथल्या सहावीतल्या पोरीचा अडखळत वाचतानाचा आवाज मला ओट्यावर ऐकू येत होता.

त्यानंतर वीस-एकवीस वर्षं घरात आलेला एकही कागद तिनं माझ्या हातात वाचायला दिला नाही. आधी शेजारची पोर, मग आमची मुलं मोठी झाली तर ती, मग सून आली तर सून. बाकी सगळं तसंच. स्वयंपाक, माझी औषधं, सणासुदीला मला नवं धोतर. भांडली असती तर मी पाय धरले असते. तिनं भांडण केलंच नाही.

शेवटच्या पावसाळ्यात ती अंथरुणाला खिळली. श्वास लागायचा. भाऊ येतो का याची वाट पाहत होती, रोज विचारायची. एका दुपारी त्याचं पत्र आलं. मुलं गावात नव्हती, सून वावरात गेलेली, घरात आम्ही दोघंच. मी तिच्या उशाशी बसलो आणि म्हटलं, "कौसे, भावाचं पत्र हाये. वाचू का?"

तिनं हात पुढं केला. मी पत्र दिलं. ते मुठीत धरून ती म्हणाली, "राहू द्या. सून येईन वावरातून, ती वाचन."

सून दिवेलागणीला आली. तोवर कौसल्या गेली होती, पत्र न फोडताच.